नांगरटीला गेलेला ठिपका

मोटारसायकल शांतपणे कशी चालवावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं माझ्याकडे यावं! ताशी पस्तीस. छत्तीस झाले की मलाच अपराध्यासारखं वाटतं. सोमवार ते शनिवार मी दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवतो. आठवडाभर परके दात माझ्याकडे बघून हसणार आणि मी ते घासत बसणार! म्हणून रविवारी मी, माझी जुनी गाडी आणि आडबाजूचे रस्ते. चौथं कुणी नको.

त्या रविवारी मात्र बायकोनं अट घातली.

"जा, पण फोनवर लोकेशन चालू ठेवा. तुमचा ठिपका मला सतत दिसला पाहिजे. आज काही घोळ झाला ना, तर उद्या गाडी शेजारच्या चष्मेवाल्यांना! किती दिवस मागे लागलेत बिचारे."

बिचारे चष्मेवाले कुंपणापलीकडे झाडांना पाणी घालत होते. पाणी कुंडीबाहेर चाललं होतं आणि नजर माझ्या गाडीवर!

"अगं, घोळ आणि मी?" असं म्हणून मी निघालो.

काय सांगू तुम्हाला! दोन्ही बाजूंना शेतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक सायकल मला मागे टाकून गेली, तरी मी मनाला लावून घेतलं नाही. तासभर असा मजेत गेलो आणि सहज फोनकडे बघितलं. बॅटरी चार टक्के! फोन बंद म्हणजे ठिपका बंद, आणि ठिपका बंद म्हणजे गाडी चष्मेवाल्यांची!

समोरच शेताच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टरवाला शेजारी बसून डबा खात होता.

"दादा, इथं फोन चार्ज करायची कुठं सोय आहे का हो?"

"ट्रॅक्टरवरच लावा की! माझं जेवण होईपर्यंत भरेल थोडा."

देवमाणूस! मी फोन लावला, त्याचे दहादा आभार मानले आणि पाचच मिनिटं म्हणून झाडाखाली पाठ टेकली.

इथून पुढचं मला नंतर कळलं, कारण मी घोरत होतो.

ट्रॅक्टरवाल्याचं जेवण झालं. त्यानं मला दोन हाका मारल्या. मी एकदा झोपलो की झोपलो! दमला असेल बिचारा, असं म्हणून त्यानं माझ्या फोनसकट नांगरणी सुरू केली.

इकडे घरी बायको बघतेय, तर ठिपका रस्ता सोडून शेतात शिरला! सरळ दुसऱ्या टोकाला गेला. वळला, परत आला. परत वळला, परत गेला!

"अहो चष्मेवाले, जरा बघा हो! हे काय करतायत?"

चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला आणि ठिपक्याच्या फेऱ्या मोजत बसले. "वहिनी, ही बाविसावी फेरी! हँडल अडकलं असेल."

"हँडल की डोकं?"

बायकोनं सतरा फोन केले. ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू कुणाला येणार? अठराव्याला ट्रॅक्टरवाला नेमका पाणी प्यायला थांबला होता. त्यानं फोन उचलला.

"गाडीवाले होय? ते झाडाखाली आडवे आहेत. हाका मारल्या, पण हलले नाहीत. आता अंगावर मुंग्या चढल्यात."

"अगं बाई! आणि गाडी?"

"गाडीला काही नाही झालेलं!"

पुढचं ऐकायला बायको थांबलीच नाही. चष्मेवाल्यांना मोटार काढायला लावली आणि ठिपक्याच्या मागावर निघाली.

मला जाग आली तेव्हा बायको माझा शर्ट धरून मला गदागदा हलवत होती आणि ढसाढसा रडत होती. "अहो, उठा ना! नाही विकणार गाडी! कध्धी नाही विकणार! पण तुम्ही उठा!"

मी एक डोळा उघडला.

"नक्की?"

आधी पाठीत एक धपाटा बसला. मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागली, तरी डोळे वाहतच होते. खरं सांगतो, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण मी इतका हवाहवासा आहे हे मला त्या दिवशी कळलं. माझ्याही घशात काहीतरी अडकलं. ती मुंगी होती असं मी तिला सांगितलं.

"चष्मेवाले," डोळे पुसत ती म्हणाली, "गाडी तुम्हीच घेऊन जा. मी काय बोलले ते विसरा!"

माझा जीव पुन्हा टांगणीला! पण चष्मेवाले दोन पावलं मागे सरकले. त्यांच्या हातातला फोन अजून चालूच होता.

"नको, वहिनी. आमची ही आत्ताच म्हणाली, गाडी खुशाल घ्या, पण ठिपका मला चोवीस तास दिसला पाहिजे. मग गाडी घेऊन करू काय?"

हुश्श! एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बायको चष्मेवाल्यांच्या मोटारीत बसली नाही. माझ्या मागे बसली. तुम्हाला एकट्याला सोडण्यात अर्थ नाही, म्हणाली. तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं. दोन मैल होत नाहीत, तोच मागून खांद्यावर टकटक होते.

"अहो, जरा जोरात घ्या की! मघाशी ट्रॅक्टर पुढे गेला!"

परवा मी चाळीसला गेलो. कुणाला सांगू नका.