सद्भाव सोसायटीतील प्राणीवाटप

कलावंताची वैयक्तिक आवड ही समाजाच्या दृष्टीने मुळातच संशयास्पद बाब आहे. एखाद्याला कारलं आवडतं म्हटलं, तर लोक ते मान्य करतात (सहानुभूतीने का होईना). पण एखादीला चित्रात शेपट्या काढायला आवडतात म्हटलं, की हिच्या मनात काहीतरी असणार, हे सुज्ञ माणूस लगेच ताडतो.

परळच्या सद्भाव सोसायटीत सुज्ञ माणसं पुष्कळ. जुनी चाळ पाडून तिथे बावीस मजले उभे राहिले, तेव्हापासून सुज्ञपणा मजल्यागणिक वाढलेला. सातव्या मजल्यावरच्या रंजिता पेडणेकरने गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आठ पानांची चित्रकथा काढून दिली, हा तिचा गुन्हा. (ती समितीनेच मागितली होती, हा मजकूर पुढे इतिवृत्तातून वगळण्यात आला.) कथा साधी होती. प्राण्यांच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडते, सगळे सभा भरवतात, आणि सभा चालू असताना एक गाढव सगळ्यांचं सामान पाठीवरून वर पोहोचवतं. त्या गाढवावर रंजिताचा फार जीव. त्याचे कान साधायला तिचे चार रविवार गेले होते.

सेक्रेटरी गंगाधर सावे पानं घेऊन तिच्या दारात आले.

"सभेत बोलणारी मगर म्हणजे मीच ना?"

"नाही हो काका! मला मगरीचे दात काढायला आवडतात, म्हणून काढली."

"आवडतात म्हणजे काय? कारण सांग."

कारण नव्हतं. हीच सर्वांत गंभीर बाब ठरली. संध्याकाळपर्यंत आणखी तिघांनी, मगर म्हणजे आपणच, अशी लेखी तक्रार दिली. चौघांचं आपसात भांडण झालं ते वेगळं.

समितीने प्राण्यांऐवजी माणसं काढायचा आदेश दिला. रंजिताने आठवडाभर खपून शेजारीपाजारीच हुबेहूब उतरवले. गंगाधररावांच्या मिशीतला पांढरा पट्टासुद्धा सोडला नाही. समितीने पानं निरखून पाहिली.

"हे कोण बाहेरचे लोक?" गंगाधरराव म्हणाले. "यात आपलं कोणीच दिसत नाही."

साधर्म्याअभावी माणसं नामंजूर झाली. प्राणी परत आले, मात्र यावेळी रीतसर मागणीनुसार. प्रत्येक कुटुंबाला अर्ज दिला गेला. अठ्ठ्याऐंशी अर्जांत सिंह एकसष्ट, हरीण एकोणीस, मोर सात, कासव एक (ते घर गावी गेल्यामुळे वॉचमनने भरलं). गाढव शून्य. 'इतर सदस्याबाबत सूचना' या रकान्यात मात्र गाढव अठ्ठ्याऐंशी. त्यांपैकी चौतीस सूचना अर्जदाराच्याच घरातल्या माणसाबद्दल.

सभेत गाढव वगळायचा ठराव आला.

"मग सामान कोण वर नेणार?" रंजिताने विचारलं.

"लिफ्ट चालू दाखव ना!" खजिनदार रश्मीताई म्हणाल्या.

रंजिता उठली. "माझी पानं परत द्या. गाढवाशिवाय ही गोष्टच नाही." आणि तिने टेबलावरची पानं स्वतःच गोळा करायला घेतली.

तेवढ्यात मागच्या खुर्चीतून तात्या दळवी उठले. तार ऑफिसात पस्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. सभेत आजवर चहाव्यतिरिक्त कशालाही त्यांनी हात वर केला नव्हता.

"गाढव माझ्या नावावर लिहा."

"तात्या, अहो कशाला उगाच?" गंगाधरराव म्हणाले.

"चित्र नीट बघितलंत का? कान बघा त्याचे. इतक्या मायेने मला कोणी कधी बघितलंसुद्धा नाही."

रंजिता पानं सरळ करण्याच्या निमित्ताने खाली बघत राहिली. मागणी 'विशेष बाब' म्हणून मंजूर झाली.

स्मरणिका निघाली. बंद लिफ्टसमोर एकसष्ट सिंह रांगेत, आणि गाढवाखाली तात्यांचं नाव, ठळक. त्यावर मात्र कोणाचाच विश्वास बसला नाही. आठवडाभरात एकूण त्रेपन्न जणांनी रंजिताला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "तात्यांचं नाव घातलंस ते बरं केलंस. पण खरं गाढव कोण, ते आम्ही ओळखलं हं!" प्रत्येकाने सांगितलेलं नाव वेगळं होतं. रंजिता नुसती मान हलवायची.

एव्हाना तुम्हीही तुमच्या माहितीतलं गाढव मनाशी नक्की केलं असेल. त्या गृहस्थांना ही कथा अवश्य वाचायला द्यावी. वाचताना ते तुमची आठवण काढतील.