चष्मा काढून बांधलेले शिनगार्ड

शप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर घरातल्या मांजरानेसुद्धा माझी गोष्ट ऐकू नये!

आमची भिंगरी, म्हणजे माझी नात, सबंध मोसम बाकावर बसून होती. आता कुठे कोचबाईंनी तिला फुटबॉलच्या मॅचला उतरवायचं ठरवलं, तर ही बया शिनगार्ड घरी विसरली! नडगीला लावायच्या प्लास्टिकच्या ढाली हो, मोज्याच्या आत घालतात त्या. त्या नसल्या तर पंच मैदानात पाय ठेवू देत नाहीत, मग तिच्या जागी दुसरीच उतरणार!

ते घेऊन आम्ही दोघी गाडीने मैदानावर धावलो. फाटकाशी सूनबाई म्हणाली, "आई, मी गाडी लावून येते. तुम्ही एवढे तिला बांधून द्या. जमेल ना?"

"अगं, डोळे मिटून बांधेन!"

आत मुलींची रांग होती. मध्ये घुसणारी बाई मी नव्हे, राहिले शेवटी उभी. पंच खाली मान घालून एकेकीचे बूट तपासत होते. "कानातलं, गळ्यातलं, घड्याळ, सगळं काढा. टणक काही नको."

मला वाटलं, आत जाणाऱ्या सगळ्यांनाच हा नियम! काढलं बाई सगळं, टाकलं पिशवीत.

"सर, माझं कानाचं मशीन?" पुढच्या मुलीने विचारलं.

"चालेल."

"आणि माझा चष्मा?" दुसरी म्हणाली.

"साधा नाही चालणार. खेळायचा वेगळा असतो."

झालं! माझाही चष्मा पिशवीत! आला माझा नंबर.

"आणि कवळी?" मी विचारलं.

पंचांची मान खालीच. "सैल आहे?"

"जेवताना जरा हलते."

"मग काढा. शिनगार्ड दाखवा."

मी पाय पुढे केला. त्यांनी माझा गुडघ्याचा पट्टा चाचपला. "फार वर बांधलंय हे, खाली..." आणि मान वर केली. तोंडातली शिटी आपोआप वाजली!

शिटी वाजली म्हणजे खेळ सुरू! मी धूम ठोकली. चष्म्याविना मैदान म्हणजे पाण्यात पडलेलं चित्र. तेवढ्यात भिंगरीसारख्या दोन वेण्या दिसल्या.

"बस खाली! पाय कर पुढे!"

पोरगी मुकाट बसली. मोज्यात काहीतरी टणक लागलं. म्हटलं, काय भक्कम हाडं आमच्या घराण्याची! शिनगार्ड कोंबले, मोजे वर ओढले.

"थँक्यू, आजी."

एवढी अदब? आमच्या घरात? तिथेच कळायला हवं होतं मला!

खेळ सुरू झाला आणि सूनबाई धापा टाकत आली. "आई, भिंगरी तिकडे रडतेय! शिनगार्ड कुठायत?"

"बांधले की!"

"कोणाला?"

समोरच्या संघाची एक मुलगी पायांना खांब बांधल्यासारखी चालत होती.

मी थेट मैदानात! "थांबा! त्या पायांत आमचा माल आहे!"

पंचांनी मला पिवळं कार्ड दाखवलं. "आजी, तुम्ही नक्की कोणाकडून खेळताय?"

त्या मुलीचे मोजे खाली ओढले, तर चार ढाली बाहेर आल्या, चारही काळ्या.

"यातल्या तुझ्या कुठल्या गं?" मी तिला विचारलं.

"मलाही कळेना, आजी!"

शेवटी दोन-दोन वाटून घेतल्या, आणि आमची भिंगरी उतरली एकदाची मैदानात! चेंडू सणसणत आला, तिच्या नडगीवर आपटला आणि थेट जाळ्यात! गोल! समोरच्या मुलींनी तिला उचलून घेतलं, काय ती खिलाडूवृत्ती! आमची गोलकीपर तर आनंदाने डोकं धरून खालीच बसली! मॅच आम्ही जिंकली!

बरं बरं. जिंकली, हे तेवढं माझ्या पदरचं. गोल मात्र भिंगरीचाच, अगदी खरा. आता जाळं कोणाचं होतं, ते चष्म्याविना मला कसं दिसणार?