सहा नळ्यांचा दांडा आणि बाबांची खाट

काचा पुसण्याच्या धंद्यात अख्ख्या मूल तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही! कारण या धंद्यात दुसरा कोणी नाहीच.

मोहर्लीच्या एका रिसॉर्टला तीन मजले उंच काचेची भिंत आहे. पाहुण्यांना पोहे खातानाही जंगल दिसावं म्हणून. एक ऑक्टोबरला जंगलाचं गेट उघडतं, त्याआधी ती काच मी लखलखीत करून द्यायची. त्यासाठी माझ्याकडे सहा नळ्यांचा दांडा आहे. कार्बनचा, काळाभोर, एकात एक बसणारा. वरची बारीक नळी आधी ओढायची, चाप दाबायचा, मग तिच्या खालची. ब्रश जातो तिसऱ्या मजल्यावर आणि मी आपला जमिनीवर!

या दांड्याचं पथ्य मात्र बाळंतिणीसारखं. सांध्यात चिमूटभर कचरा गेला की नळी हलत नाही. तेल लावायचं नाही, उन्हात टाकायचं नाही. सगळ्या नळ्या सुट्या करायच्या, चांगल्या पाण्यानं धुवायच्या, पुसायच्या आणि सावलीत ओळीनं वाळवायच्या. आणि आमचं घर राइस मिलच्या पाठीमागे! दिवसभर कोंडा उडत असतो.

त्याच मिलमध्ये बाबांनी तीस वर्षं पोती उचलली. आता तो कोंडा त्यांच्या छातीत बसलाय. डॉक्टर म्हणाले, "देवरावभाऊंना जपा." म्हणून आम्ही त्यांची खाट ओसरीवर टाकली. हवा लागते आणि रस्ता दिसतो. रस्त्यावरून त्यांना एकाच माणसाला येताना पाहायचं होतं. माझा मोठा भाऊ रोशन, पुण्याला असतो. तीन वर्षांत आला नाही. दर फोनला म्हणायचा, "प्रोजेक्ट संपला की येतो."

तर त्या दिवशी सकाळी आई शेतावर गेल्यावर मी दांडा धुवायला काढला. पाणी उडेल म्हणून बाबांना आत झोपवलं आणि खाट भिंतीला उभी करून ठेवली. कोंडा येऊ नये म्हणून अंगणाला चारी बाजूंनी पांढऱ्या चादरी बांधल्या. दोन घागरी भरून ठेवल्या. नळ्या ओळीनं मांडल्या. काय ती तयारी! माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

तिसरी आणि चौथी नळी मात्र अडकून बसली. एक टोक मी धरलं, दुसरं माझ्या बायकोनं, पिंकीनं. ओढता ओढता चाप खाडकन मिटला आणि तिचं बोट आत! पिंकीनं असा हंबरडा फोडला की मिलमधलं काम थांबलं.

पाच मिनिटांत शेजारची भागीरथाबाई आली. चादर बाजूला करून आत शिरली, पिंकीच्या गळ्यात पडली आणि रडू लागली. तिच्या मागे आणखी चार बाया. एका बोटासाठी एवढी माया! मला भरून आलं. मग मिलमधला नथ्थूभाऊ आला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, उभ्या केलेल्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि खिशातून सुतळी काढली.

आमच्याकडे मयताच्या घरी कोणी काही विचारत नाही. कसं झालं, कधी झालं, सगळं नंतर. आधी हाताला येईल ते काम धरायचं. नथ्थूभाऊनं माझ्या नळ्या धरल्या.

"लय हलके हायत गा," तो हळूच म्हणाला. "खांदेकऱ्याले तरास नाई होनार."

"काचेसाठीच आहेत, नथ्थूभाऊ," मी म्हणालो. "अडकली तेवढी नळी सोडवून दे फक्त."

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. दुःखानं माझं डोकं फिरलं, असं त्याला वाटलं असणार. त्यानं दोन नळ्या समांतर ठेवल्या, उरलेल्या आडव्या टाकल्या आणि करकचून बांधायला घेतल्या. एक चाप तुटला!

"अरे, काय करून राह्यला तू?" मी ओरडलो.

"रडून घे बाबू, रडून घे!"

तोवर पांढऱ्या कपड्यांत वीस-पंचवीस माणसं जमली होती. कोणीतरी त्रिशरण सुरू केलं, सगळ्यांनी हात जोडले. आणि तेव्हा घरातून एक घोगरा आवाज त्यात मिसळला. बाबांना सवय आहे. कुठेही त्रिशरण ऐकलं की ते पडल्यापडल्या म्हणू लागतात.

सगळ्यांची तोंडं दाराकडे वळली. भागीरथाबाई मटकन खाली बसली.

भिंत धरत बाबा दारात आले. "कोन गेलं गा?"

बाबांनी खाट पाहिली, चादरी पाहिल्या, बांधलेल्या नळ्या पाहिल्या.

"मीच का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नथ्थूभाऊ हात जोडून उभा. "देवरावभाऊ, चुकलं आमचं."

"चुकलं कायचं? आले ना सारे." बाबांनी मिलच्या जुन्या सोबत्यांवरून नजर फिरवली. "बिरजू नाई दिसून राह्यला."

"तो लाकडं आनाले गेला," नथ्थूभाऊ म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "आन म्या रोशनले फोन केला. निंगाला तो. संध्याकाळच्या इमानानं येते."

मी झटकन मोबाइल काढला. बाबांनी माझं मनगट धरलं. छातीत हवा नसलेल्या माणसाच्या हातात एवढा जोर!

"नको करू."

"बाबा, तो एवढ्या दुरून रडत येईल!"

"येऊ दे. रडत येईल, पन येईल."

मी फोन केला नाही. माझं चुकलंच.

संध्याकाळी दादाची टॅक्सी थांबली. बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून खाटेवर बसले होते. दादानं त्यांना पाहिलं, फाटकाला धरून उभा राहिला, मग धावत येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. रडून झाल्यावर माझ्यावर धावला.

"कंपनीनं तीन दिवसांची रजा दिलीय! ग्रुपवर चाळीस जणांनी श्रद्धांजली वाहिली! आता काय सांगू, वडील बरे झाले?"

लवकर परतला तर ऑफिसात संशय येणार, म्हणून त्याला तीन दिवस राहणं भाग पडलं. तो बाबांच्या खाटेशी बसून राहिला. त्यांचे पाय चेपले. तीन वर्षं ते पाय मी चेपतोय, पण बाबा असे हसलेले मी पाहिले नव्हते. मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू?

जाताना दादानं मला बाजूला घेतलं. "वडिलांसाठीची रजा एकदाच मिळते, धम्मदीप. आता खरंच काही झालं तर मला येता येईल असं वाटत नाही."

त्याची टॅक्सी वळणाआड गेली. बाबांनी खाटेवर पडल्यापडल्या दादाचं बोलणं ऐकलं होतं. ते म्हणाले, "धम्मा, नळ्या परत कवा धुतो?"

"बाबा, दादाची रजा संपली."

"माह्या नावाची संपली. मायच्या नावाची शिल्लक असंल ना?"

मी आईकडे पाहिलं. आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

"धान कापनं झाल्यावर धू," ती म्हणाली. "आता मले येळ नाई."