न कापता सांगा

"जिताड्याचं पोट फाडून दाखव, मग घेतो," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काशीबाय पाटीसमोरून हाकलून द्यायची. मासळी आधी कापून दाखवणं हा तिच्या मते तिचा आणि मासळीचा, दोघींचा अपमान. कल्ला उचलून बघ, बोटानं दाबून बघ, वास घे, आणि एवढ्यानं कळत नसेल तर बटाटे खा, असं ती तोंडावर सांगायची. गिऱ्हाईक वकील असो की फौजदार, सगळ्यांना 'अरे-तुरे' आणि नियम एकच.

पनवेलला विमानतळ येणार, येणार असं नुसतंच बोललं जात होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी बाजारामागच्या गल्लीत एका लहानशा लॅबमध्ये तपासण्या करायचे. काशीबायकडून दर आठवड्याला बोंबील घ्यायचे, सोबत टोमणे मिळायचे. सहा महिने तिचं पोट जळत होतं आणि ती सोडा पिऊन, ओवा चावून त्याला गप्प बसवत होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, तोंडातून नळी घालून जठर बघावं लागेल. बाई तिथल्या तिथे उठून उभी राहिली.

"मी रोज शंभर मासली न कापता सांगतंय आत काय हाय," ती म्हणाली. "तू येवढा शिकलास, तुला एक पोट सांगता येत नाय?"

डॉक्टर भले माणूस. त्यांनी सांगितलं की नळी न घालताही कळण्याची सोय आहे. जठरात एक जंतू ठाण मांडून बसतो, त्याच्या खुणा शौचातून बाहेर पडतात. तेवढा नमुना लॅबमध्ये दिला की झालं. काशीबायला हे एका झटक्यात पटलं. आतलं बाहेरून कळतं, हेच तर ती जन्मभर सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने मी दिलेली डबी माझ्या टेबलावर ठेवली. उघडून बघते तर वर जाड्या मिठाचा थर. मी कपाळाला हात लावला. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जे टिकवायचं त्याला मीठ चोळत आले होते, मग यालाच का नाही, असा तिचा रोकडा सवाल. मी नमुना परत केला, तेव्हा तिने असा आवाज लावला की रक्त द्यायला आलेला एक धडधाकट गडी सुई टोचून न घेताच निघून गेला. "पावसात खारी मासली मागतंस, तवा मीठ चालतं?" हेही तिने वर विचारलं.

नवी डबी फक्त थंड ठेवायची, एवढंच मी सांगितलं. तर बाई तिसऱ्या दिवशी थर्माकोलच्या पेटीत, बर्फाच्या चुऱ्यात रोवून ती घेऊन आली. नवीन पनवेलची शिकलेली मंडळी नमुने स्कूटरच्या डिकीत तापवून आणायची. इतका नीट राखलेला नमुना मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि तसं मी तिला सांगितलंही.

जंतू निघाला. डॉक्टरांनी दोन आठवड्यांची औषधं दिली, त्यानंतर महिनाभर थांबून पुन्हा तपासणी. हा जंतू घरात एकाचा दुसऱ्याला लागू शकतो, म्हणून दुसरी तपासणी स्वच्छ येईपर्यंत ताट वेगळं ठेवा, असंही बजावलं. काशीबायने आवाज खाली आणला.

"म्हातारा माझ्याच ताटात जेवतं," ती म्हणाली.

म्हातारा म्हणजे तिचा नवरा. त्याच्या नावानं ती दिवसभर बोटं मोडायची. त्याची उजवी बाजू लकव्याने गेलेली, काशीबायच्या मते आळसाने. डाव्या हाताने काटे निवडता येत नाहीत, म्हणून ही दाताने काटा काढून त्याला घास भरवायची. मी म्हटलं, त्यांना खरं सांगून टाक. "माझ्या पोटात किडा हाय म्हनून सांगू? तो कालजीनं जेवायचाच बंद होईल," ती म्हणाली. त्यापेक्षा तिने नवीन ताट आणलं, काही न सांगता त्याच्यापुढे ठेवलं, आणि रोज मऊ बोंबील शिजवायला लागली, कारण त्यात काटे निवडायची भानगड नाही.

म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. लुळ्या अंगाची बायकोला किळस आली, असं त्याने मनात धरलं. हे काशीबायने मला बोंबील तोलता तोलता सांगितलं, तेही माझ्यावरच डाफरत. दर आठवड्याला ती तपासणी लवकर करायला सांगायची. घाई केली तर जंतू लपून राहतो आणि निकाल खोटा येतो, म्हणून मी नाही म्हणायचे. मला तिची दया यायची, आणि तिच्या हट्टाचा रागही.

महिना उलटला त्या सकाळी ती बर्फाची पेटी घेऊन आली आणि माझ्या बाकावर बसून राहिली. पाटी बाजारात शेजारणीच्या भरवशावर होती. दुपारी मी सांगितलं, काही नाही, पोट स्वच्छ. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मग तिने पिशवीतून बटणांचा मोबाइल काढला, नंबर लावून माझ्या हातात दिला.

"तूच सांग त्याला," ती म्हणाली. "काशीला तुझी किलस नव्हती, म्हनून सांग. माझं आयकनार नाय तो."

मी सगळं सांगितलं. जंतू, औषध, वेगळं ताट, बोंबील. मग जड जिभेने, एकेक शब्द ओढत म्हातारा बोलला.

"तिला सांग... येताना भिंग आन."

भिंग म्हणजे घासागणिक काटा असलेली मासळी. निरोप ऐकून काशीबाय म्हणाली, म्हाताऱ्याला लाज कशी ती नाही. पदराने तोंड पुसत ती बाजाराकडे निघाली. मीही जेवायला निघाले होते, म्हणून तिच्या मागोमाग गेले. तिच्या पाटीत भिंग नव्हतं. तिने शेजारणीच्या पाटीतलं एक उचललं आणि कल्ला न बघताच पिशवीत टाकलं.