पसरलेलं लुगडं सरकारचं

बयाबाईच्या परसात येसूचं लाल लुगडं कुंपणावर पडलं की समोरच्या टेकाडावर सरकारी इंजिन सुरू होई. पोलादपुरात हे बऱ्याच जणांच्या पाहण्यात होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या दत्तारामला, आणि इंजिन सुरू करवण्याचा पगार नेमका त्यालाच मिळत होता.

दत्ताराम कशेडी घाटाच्या चौकीवर कारकून होता. कशेडीत दरड आली की पलीकडच्या गाड्या थांबवायचा निरोप जावा म्हणून खात्यानं एक बिनतारी यंत्र त्याच्या टेबलावर ठेवलं होतं आणि दुसरं टेकाडावर. वरचं यंत्र चालू असल्याशिवाय खालचा निरोप डोंगर ओलांडत नसे, आणि वर वीज नव्हती. वीज पोलादपुरातही नव्हती, पण तिथे निदान तिची आश्वासनं पोचली होती. म्हणून वर डिझेलचं इंजिन बसवलं आणि त्याला हँडल मारायला सयाजी बसवला. सयाजी म्हणजे बयाबाईचा मुलगा आणि येसूचा नवरा. बयाबाईचं घर चौकीला लागूनच, मध्ये फक्त ते कुंपण.

इंजिन कधी लावायचं ते कळवायला चौकीपासून टेकाडापर्यंत तार ओढून वर घंटी टांगली होती. आषाढात पहिली दरड आली ती त्या तारेवरच. दरड कळवायची सोय दरडीनंच नेल्यामुळे खात्यात विचारविनिमय सुरू झाला, आणि तो संपेपर्यंत दत्तारामनं आपलं डोकं चालवलं. चौकीच्या छपरावर त्यानं काठी रोवली. काठीला लाल फडकं चढलं की सयाजीनं इंजिन लावायचं, फडकं उतरलं की बंद करायचं. इंजिन लागलं की नाही ते धुरावरून दिसे. ही युक्ती एकदाही चुकली नव्हती, आणि असं दत्ताराम दिसेल त्याला सांगत असे.

येसू आणि सयाजीचं लग्न माघातलं. दिवसा वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायची त्या घरात रीत नव्हती, आणि रात्री लग्नाचे पाव्हणे दोघांच्या मध्ये ओळीनं झोपलेले असत. ते हलले तोवर सयाजीला नोकरीचा हुकूम आला. पावसाळा संपेपर्यंत टेकाड सोडायचं नाही, असं त्यात होतं. त्यामुळे लग्न झालं होतं, पण बोलणं राहून गेलं होतं. महाडचा लतीफ आपल्या ट्रकमधून डिझेलचे डबे वर पोचवी आणि बयाबाईच्या भाकऱ्या नि सुकटही नेई. पण परक्या पुरुषाबरोबर नवऱ्याला निरोप धाडायचा म्हणजे गावभर बोलणं.

आषाढातच एकदा येसूनं लुगडं कुंपणावर टाकलं आणि टेकाडावर धूर दिसला. तिनं लुगडं काढलं, धूर थांबला. मग ती रोज दुपारी टाकू लागली. हळूहळू त्यातही शिस्त आली. लुगडं दुमडून टाकलं की वरून धुराचा एकच भपका निघे आणि इंजिन बंद होई. नीट पसरून टाकलं, तर ते काढेपर्यंत इंजिन चाले. पसरलेलं लुगडं सरकारचं, दुमडलेलं घरचं. हा करार कधी झाला ते दोघांनाही सांगता आलं नसतं. बयाबाई सगळं पाहत होती, पण तिनं कधी विचारलं नाही. उघडीप पडली की तीच म्हणे, "लुगडं ओलं नाय ना गो ऱ्हायलं?" आणि पाठ करून तांदूळ निवडायला बसे.

गाडं अडलं डिझेलपाशी. डबे लवकर रिकामे होतात हे खात्याला कळलं आणि मुंबईहून मोठे साहेब तपासणीला येणार अशी बातमी आली. दत्तारामनं कधी नव्हे ते दुपारी टेकाडाकडे पाहिलं. छपरावर फडकं नसताना वर भपका निघाला. त्यानं कुंपणाकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. परक्याच्या सुनेशी तिच्या लुगड्याविषयी बोलणं शक्यच नव्हतं. म्हणून तो कुंपणाजवळ जाऊन बयाबाईशी हवापाण्याचं बोलला, भातलावणीचं बोलला, आणि शेवटी तांबड्या रंगाचं काहीही काही दिवस बाहेर वाळत घालू नये, असं त्यानं गाईकडे बघत सुचवलं.

"लुगडं वाळवायला आता सरकारला विचारायचं काय?" बयाबाई म्हणाली.

"काकी, सयाजीची नोकरी जाईल," दत्ताराम म्हणाला.

त्या दिवसापासून येसू लुगडं घरातच चुलीवरच्या काठीवर वाळवू लागली.

इकडे टेकाडावर सयाजीचा जीव खालीवर होऊ लागला. पहिल्या दुपारी लुगडं दिसलं नाही तेव्हा त्यानं आपणहून एक भपका सोडला. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडला, दुपारी सोडला, अंधार पडता पडता सोडला. घरात सगळी बरी आहेत ना, असं त्यानं लतीफजवळ तीन-तीनदा विचारलं. बरी आहेत, असं लतीफनं परत येऊन सांगितलं, पण नुसत्या 'बरी आहेत'वर कोण विश्वास ठेवतो? तिसऱ्या दिवशी तो हँडलपासून हललाच नाही.

दुपारच्या एखाद्या भपक्याकडे पोलादपूरच्या बाजारात कोणी लक्ष देत नसे, पण दिवसभराच्या धुराचा एकच अर्थ होता. धूर म्हणजे निरोप, आणि निरोप म्हणजे दरड. ट्रकवाल्यांनी गाड्या बाजूला घेतल्या. पाठीमागून येणारे त्यांच्या पाठीमागे थांबले. चहाच्या टपरीवर कशेडीत किती गाड्या गाडल्या गेल्या याची चर्चा सुरू झाली. या रांगेच्या शेपटाशी मोठ्या साहेबांची जीप येऊन अडकली. साहेब थोडा वेळ बसले, मग पाटलोण चिखलानं भरवत चालत चौकीवर पोचले.

"घाट बंद आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. अगदी सुरळीत आहे."

"मग गाड्या का थांबल्यात?"

दत्तारामनं आपली युक्ती करून दाखवायची परवानगी मागितली. साहेबांनी मान हलवली. दत्ताराम शिडीवर चढला आणि त्यानं फडकं चढवलं.

टेकाड शांत होतं. मघापर्यंत धुमसणाऱ्या सयाजीनं हात टेकून दम खायला हीच वेळ निवडली होती. दत्तारामनं फडकं उतरवून पुन्हा चढवलं, काठी हलवली, शेवटी स्वतःचा हातही हलवला. साहेब घड्याळ बघत राहिले. मग ते शांतपणे म्हणाले, "वरच्या माणसाला काढा. उद्या दुसरा पाठवतो."

कुंपणापलीकडे येसूच्या हातातलं सूप खाली ठेवलं गेलं. ती सासूजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, ते फडकं तिथनं दिसतच नाय. पावसानं पार पांढरं पडलंय."

"मग इतके दिस इंजिन कसं लागत होतं गो?"

येसूनं मान खाली घातली. "चौकीवरचे भावजी शिडी चढले की मी लुगडं पसरायची."

बयाबाईनं एकवार सुनेकडे पाहिलं. लाल लुगडं येसूच्या अंगावरच होतं. दुसरं होतं ते हिरवं, आणि ते हिरव्यागार कुंपणावर टाकून उपयोग नव्हता. बयाबाईनं दोरीवरचं आपलं जुनेर ओढलं आणि सुनेच्या हातात दिलं.

"आत जा. ते सोड नि हे नेस."

थोड्याच वेळात बयाबाई स्वतः बाहेर आली आणि तिनं ते लाल लुगडं कुंपणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. ती वळते न वळते तोच टेकाडावर इंजिन धडधडू लागलं. धूर असा निघाला की मागच्या तीन दिवसांचा सगळा मिळूनही तेवढा नसेल.

साहेबांनी धुराकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, मग कुंपणाकडे.

"हे लुगडं कोणाचं?"

"माझ्या सुनेचं," बयाबाई म्हणाली.

"मग ते फडकं कशाला?"

"ते दत्तारामांचं हाय. शिडी चढली की त्यांना बरं वाटतं."

एवढ्यात गाडी सोडून लतीफ गंमत बघायला आला होता. डबे पोचवताना हे सगळं त्यानं वरून पाहिलं होतं. त्यानं साहेबांना पसरलेल्या आणि दुमडलेल्या लुगड्यातला फरक समजावून सांगितला. साहेबांनी दुमडलेल्याचा अर्थ पुन्हा विचारला. लतीफ लाजला. "ते घरचं काम हाय, साहेब," तो म्हणाला.

मुलगा खाली कधी आला होता, असं साहेबांनी बयाबाईला विचारलं. नोकरी लागल्यापासून नाही, असं तिनं सांगितलं. दाराआड जुनेराचा पदर हलला तो साहेबांनी पाहिला असावा, पण त्यांनी तिकडे बघायचं टाळलं. निघताना त्यांनी हुकूम दिले ते असे: चौकीला नऊ वार लाल कापड मिळेल. वरच्या माणसाला कुटुंब सोबत ठेवायला हरकत नाही. आणि कापड पसरायचं काम या बाईंकडे, कारण त्यांना ते येतं.

भाद्रपदात कापड आलं. येसू त्याआधीच लतीफच्या ट्रकमधून, मागे डब्यांच्या शेजारी बसून वर गेली होती. नव्या हुकमाप्रमाणे दत्तारामला घाट सुरळीत असल्याचा निरोपही आता रोज मुंबईला धाडायचा होता. बयाबाईनं नवं कोरं कापड कुंपणावर पसरलं. ते इतकं लाल होतं की गाई बुजल्या.

टेकाडावर काहीच हललं नाही. दत्ताराम चौकीतून बाहेर आला, आत गेला, पुन्हा बाहेर आला.

"काकी, नीट पसरलंत ना?"

"पसरलंय."

"मग त्याला दिसत नाही का?"

बयाबाई पायरीवर बसली, तिनं पानाला चुना लावला आणि टेकाडाकडे पाठ केली.

"बोलत असतील," ती म्हणाली. "माघापासनं ऱ्हायलंय. तुमची मुंबई थांबंल जरा."