गणपतीच्या पायाखालचं घड्याळ

रविवारी दुपारी पावणेतीनला सईबाई गाडीत पुढच्या सीटवर बसल्या, डॅशबोर्डवरच्या पितळी गणपतीला नमस्कार केला आणि पाहतात तर गणपतीच्या पायाखाली आठ पंचेचाळीस झालेले. सकाळचे की रात्रीचे ते त्या घड्याळालाच ठाऊक. आदल्या दिवशी गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली होती. बॅटरी बदलली की घड्याळ आपला हिशेब विसरतं, हे त्याने सांगितलं होतं. गिरिधरने ते ऐकलंही होतं. पण घरी येईपर्यंत तो विसरला.

"देवाच्या पायाशी खोटं लिहिलेलं चालायचं नाही," सईबाई म्हणाल्या. "आधी ते नीट कर. मग गाडी हलव."

आईने असं म्हटल्यावर गाडी हलवण्याची ताकद छपन्न वर्षांच्या गिरिधरमध्ये नव्हती. शिवाय दिवसच तसा होता. सईबाईंचा नातू कार्तिक एकतीस वर्षांचा झाला होता आणि त्याच्यासाठी शोळिंगनल्लूरला मुलगी पाहायला निघायचं होतं. तंजावरकडून आलेली मराठी घरं चेन्नईत मोजकी. त्यांतली निम्मी नात्यातली निघतात आणि उरलेल्यांच्या मुली अमेरिकेत असतात. दिव्यश्री नावाची ही मुलगी नात्यातली नव्हती, अमेरिकेतही नव्हती आणि कार्तिकच्या ऑफिसपासून दोन सिग्नलांवर राहत होती. अशी मुलगी पुन्हा सापडणार नाही, हे वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या घरात सगळ्यांना कळत होतं. अट एकच. रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो, सहापर्यंतचा अशुभ दीड तास. त्याच्या आत मुलीच्या घराचा उंबरा ओलांडायचा.

वेळ पाहायला दुसरं काही गाडीत नव्हतं, आणि ती करणीही सईबाईंचीच. मागच्या स्थळाच्या वेळी कार्तिक मुलीसमोर बसून मोबाइलमध्ये बघत राहिला आणि मुलीकडून निरोप आला की मुलाचं लग्न आधीच झालेलं दिसतं. म्हणून या खेपेला सईबाईंनी घरातून निघतानाच चौघांचे मोबाइल बंद करवून आपल्या कापडी पिशवीत घातले होते. कार्तिकचं मनगटी घड्याळसुद्धा मोबाइलसारखं वाजतं म्हणून तेही पिशवीत. गिरिधरचं घड्याळ पट्टा तुटल्यामुळे टी. नगरच्या दुकानात पडलं होतं. सून विद्यालक्ष्मीने घड्याळ कधी घातलंच नाही. तिला वेळ सासूच सांगत असे.

तर घड्याळ लावायचं काम सुरू झालं. कार्तिक ऑफिसात बसून अमेरिकेतल्या एका बँकेची यंत्रं चालवतो, पण आपल्या बापाच्या गाडीतलं घड्याळ कसं लावतात ते पाहायला त्याला मोबाइल हवा होता. तो मिळाला नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक खणात सापडलं, त्यात घड्याळाचं पान नव्हतं. नवरात्रात कुंकवाच्या पुड्या बांधायला दोनचार पानं घेतल्याचं विद्यालक्ष्मीला आठवलं. पानं गुळगुळीत होती, असं तिने कारण दिलं.

गिरिधरने मग दिसेल ते बटण दाबलं. आधी चारी दिवे लुकलुकले. मग कोरड्या काचेवर वायपर फिरले. मग मागची काच गरम होऊ लागली, चेन्नईत, भर दुपारी. शेवटी रेडिओचा नॉब तो रागाने दाबून धरून बसला आणि घड्याळातला तासाचा आकडा उघडमीट करू लागला. कार्तिकला वर पिटाळलं. हॉलमधल्या घड्याळात तीन दहा झाले होते. ते घड्याळ सईबाईंच्या हुकमाने वर्षानुवर्षं दहा मिनिटं पुढे असतं, म्हणजे खरे तीन. गिरिधरने नॉब फिरवून तीन लावले, कपाळाचा घाम पुसला आणि गाडी चालू केली.

आकडा अजून उघडमीट करत होता. तो पक्का करायला नॉब पुन्हा एकदा दाबावा लागतो. ते कुंकवाच्या पुडीबरोबर गेलेल्या पानावर होतं.

गाडी चालू होताच रेडिओ बोंबलला. साडीच्या दुकानाची जाहिरात होती आणि बाई अशी ओरडत होती की दुकान पेटलंय की काय वाटावं. गिरिधर मागे बघत गाडी काढत होता. सईबाईंनी हात लांबवला आणि आवाज कमी करायला नॉब फिरवला. आवाज कमी झाला नाही. तीनाचे चार मात्र झाले. त्यांनी चिडून नॉबवर बोट दाबलं, घड्याळ पक्कं झालं, आणि पुन्हा फिरवल्यावर बाई हळू आवाजात बोलू लागली.

"एवढ्यासाठी अर्धा दिवस घातलात," सईबाई म्हणाल्या आणि पदर सावरून रस्त्याकडे पाहू लागल्या.

अडयारचा पूल आला तेव्हा त्यांची नजर गणपतीकडे गेली. पायाखाली चार वीस झाले होते.

त्यांनी गिरिधरला विचारलं, की रस्त्यात झोपला होतास काय. गिरिधर घड्याळाकडे बघतच राहिला. मांबलमहून अडयारला एवढा वेळ लागणं शक्य नव्हतं. पण घड्याळ त्याने स्वतःच्या हाताने लावलं होतं आणि त्यासाठी बायकोमुलासमोर घाम गाळला होता. ते चुकलंय असं म्हणणं त्याला जमलं नाही.

"मेट्रोचं खोदकाम चाललंय ना," तो म्हणाला.

चेन्नईत हल्ली हे उत्तर कशालाही चालतं. विद्यालक्ष्मीला ते लगेच पटलं. कार्तिकला पटलं नाही, पण मुलगी पाहायला जाणाऱ्या मुलाला त्या दिवशी फारसं कोणी विचारत नाही.

शोळिंगनल्लूरच्या इमारतीखाली गाडी लागली तेव्हा गणपतीच्या पायाखाली चार पन्नास झाले होते. राहुकाळ लागून वीस मिनिटं होऊन गेलेली. विद्यालक्ष्मी फळांचं ताट घेऊन दार उघडायला लागली. सईबाईंनी मागे न बघता सांगितलं, की दार लाव. तीन पिढ्यांत या घराची सोयरीक राहुकाळात झाली नाही. सहा वाजेपर्यंत गाडीतच बसायचं आणि सहाला वर जायचं. इंजिन चालू ठेवून बसलं तर मुलीकडचे उधळे म्हणतील, म्हणून एसी बंद. खिडकी उघडली तर कोणी विचारपूस करील, म्हणून काचा बोटभरच खाली. मोबाइल काढून कळवू या, असं गिरिधर म्हणाला. काय कळवणार, सईबाईंनी विचारलं, वेळेवर निघता येत नाही म्हणून?

दहा मिनिटांनी रेडिओवरच्या मुलाने तमिळमध्ये सांगितलं, की आता बरोबर चार वाजले आहेत.

कार्तिक मागून पुढे वाकला. "आजी, तो चार म्हणतोय. इथे पाच दाखवतंय."

"तो काय समोर बसून बोलतोय? हे लोक सगळं आधी भरून ठेवतात आणि मग वाजवतात."

"पण आजी, वेळ कशी भरून ठेवतील?"

"कार्तिक, तुजला अक्कल आहे ना? गणपती कशावर बसलाय? घड्याळावर की रेडिओवर?"

गणपती घड्याळाच्या बरोबर वर बसला होता, हे नाकारता येत नव्हतं. सईबाईंनी नॉब दाबून रेडिओ बंद केला. एकाच डब्यात दोन मतं ठेवायची नाहीत, असा त्यांचा घरातलाही नियम होता.

मग चौघं बसून राहिली. ताटातला मोगरा पिवळा पडला. घरी दूध आटवून केलेला गोड तिरट्टुपाल डब्याच्या कडांना सुटू लागला. विद्यालक्ष्मीची कांजीवरम पाठीला चिकटली आणि गिरिधरच्या भुवईवरचं गंध नाकापर्यंत आलं. वॉचमन दोनदा येऊन कोणाकडे जायचंय विचारून गेला. दुसऱ्या वेळी गिरिधरला त्याला वेळ विचारायची होती. सईबाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मुलाकडच्यांकडे साधं घड्याळ नाही, हे मुलीच्या वॉचमनला कळून कसं चालेल?

गणपतीच्या पायाखाली सहा वाजले तशा सईबाई उतरल्या, उजवा पाय आधी टाकून. तिसऱ्या मजल्यावर बेल दाबली. मुलीच्या आजीने, अलमेलूबाईंनी दार उघडलं आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. सईबाईंनी आत पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी भिंतीवरच्या घड्याळाने पाच टोले दिले.

सईबाईंनी ते एकेक मोजले. सहावा पडतो का याची वाट पाहिली. पडला नाही. शेजारी टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या, त्याच्या कोपऱ्यातही पाचच होते.

"बसा," अलमेलूबाई म्हणाल्या, पण आवाज बसा म्हणण्याचा नव्हता. "चाराच्या आधीपासून वरून पाहत होतो आम्ही. फोन लावला, तो बंद. म्हटलं, येतील आता. आणि तुम्ही येता हे असे, राहुकाळ भरात असताना? तंजावरची माणसं ना तुम्ही?"

गिरिधरने जमिनीकडे पाहिलं. कार्तिकने छताकडे. सईबाईंच्या समोर दोनच वाटा होत्या. गाडीतलं घड्याळ आपल्याला कळलं नाही असं या बाईला सांगायचं, किंवा दुसरं काही.

"आमच्या घरात राहुकाळ पाळत नाहीत," सईबाई म्हणाल्या.

विद्यालक्ष्मीच्या हातातलं ताट कलंडलं आणि दोन मोसंबी सोफ्याखाली गेली. लग्न झाल्यापासून तिला राहुकाळात नवी साडी नेसता आली नव्हती. कार्तिकच्या बारशाच्या दिवशी तर भटजीच दीड तास जिन्यात बसले होते.

"पाळत नाहीत?" अलमेलूबाईंनी विचारलं.

"माणसाने कामं करावीत की घड्याळ बघत बसावं? मजला असल्या गोष्टी आवडत नाहीत."

आतल्या दाराशी दिव्यश्री उभी होती. तिला बोलवायचं अजून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून ती आपणच बाहेर आली. "आजी, मग तुम्ही एवढा वेळ खाली गाडीत का बसला होता?"

प्रश्न सरळ होता. सगळे सईबाईंकडे पाहू लागले.

"रेडिओ ऐकत होतो," सईबाई म्हणाल्या. "कार्यक्रम चांगला होता."

दिव्यश्रीने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही. पुढे कॉफी आली, विरघळलेला तिरट्टुपाल चमच्याने वाढला गेला, कार्तिक आणि ती गच्चीवर जाऊन अर्धा तास बोलली. खाली आल्यावर तिने आपल्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, की आजवर आलेल्या स्थळांत कोणी मुहूर्त विचारायचं तर कोणी पत्रिका. घरातली सगळ्यांत म्हातारी बाई राहुकाळ धुडकावून येते असं घर तिने पहिल्यांदा पाहिलं. मुलगाही बरा आहे. होय म्हणून सांगा.

निरोप द्यायला ती गाडीपर्यंत आली. सईबाई बसल्यावर दार लावायला वाकली, तेव्हा तिला गणपती दिसला आणि त्याच्या पायाखालचे सात वीस दिसले. तिने हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मग सईबाईंकडे.

"आजी, हा नॉब दोन सेकंद दाबून धरून फिरवला की तास बदलतो," ती हळूच म्हणाली. "झालं की परत दाबायचा. दाखवू?"

"मजला ठाऊक आहे," सईबाई म्हणाल्या. पण तिच्या बोटावरून त्यांनी डोळे हलवले नाहीत.

लग्न तई महिन्यात, पोंगलनंतर झालं. आता सईबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं तेव्हा दिव्यश्रीच नेते, आणि डॉक्टर शुक्रवारी अकरालाच भेटतात. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा. दिव्यश्री पाण्याची बाटली आणायला म्हणून वर जाते आणि ती शोधायला हवा तितका वेळ लावते. तेवढ्यात सईबाई नॉब दाबून धरतात, दहाचे बारा करतात, पुन्हा दाबतात आणि गणपतीला नमस्कार करतात. मग नातसुनेला हाक मारतात, की असल्या वेळाकाळाच्या गोष्टींत अडकू नये, निघू या. दिव्यश्री घड्याळाकडे न बघता गाडी काढते.

गिरिधर संध्याकाळी गाडीत बसतो तेव्हा घड्याळ भलतंच काही दाखवत असतं. त्याने आजवर तीन वेळा बॅटरी बदलून घेतली आहे. गॅरेजवाल्याशी आता तो बोलतही नाही.