एक लाख पन्नास हजारांची टाकी

थोरल्या मुलाचं लग्न होऊन सूनबाई घरात आली, त्याच वर्षी दशांशकाकांच्या ऑफिसात पायथन आला. काकांच्या निवृत्तीला तेव्हा एकोणीस दिवस उरले होते. ते दिवस खुर्चीत बसून काढावेत आणि घरी जाऊन आडवं व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. चाळीस वर्षांत त्यांनी सही केलेलं एकही बांधकाम पडलं नव्हतं.

मालकांनी गणिताची सेवा विकत घेतली होती. पायथन या संगणकाच्या भाषेतून मापं पाठवायची, की दूर कुठेतरी हिशेब होऊन उत्तर परत यायचं. मधल्या निरोप्याला लायब्ररी म्हणत. तिच्यात एकही पुस्तक नव्हतं. सूनबाई याच कामातली, म्हणून रविवारी तिने काकांना सगळं शिकवलं.

पहिलंच काम पाण्याच्या टाकीखालच्या तुळईचं होतं. काकांनी मापं घातली, वजन घातलं. उत्तर आलं, तुळईला सगळ्यांत हलका पाइप पुरे. काकांनी तीनदा विचारलं, तीनदा तेच.

मालक खूश झाले. लोखंड केवढं वाचलं, म्हणाले, आणि पाचच्या आत सही मागितली.

"साहेब, ह्या पाइपावर टॉवेल वाळत घालायलाही मी भितो," काका म्हणाले.

"काका, ते यंत्र आहे. त्याला कसली भीती?"

काकांनी सूनबाईला फोन लावला. तिने एकेक ओळ वाचून दाखवायला सांगितली. काकांनी स्वच्छ वाचलं, वजन एक लाख पन्नास हजार. ती म्हणाली, बरोबर आहे. मग तिने मापं विचारली, तीही बरोबर. शेवटी ती अर्धी रजा टाकून स्वतःच आली. पडद्यावर तिला दिसलं: 1,50,000.

"बाबा, स्वल्पविराम दिलेत?"

"मग काय? लाखाला द्यायचा नाही?"

"ह्याला नाही चालत. ह्याला वाटलं, तुम्ही तीन वजनं ठेवताय. एक किलो, पन्नास किलो आणि शून्य किलो."

काका पडद्याकडे वाकले. "शून्य किलो कोण ठेवतं गं?"

सूनबाईने मालकांच्या केबिनकडे पाहिलं.

स्वल्पविराम काढल्यावर जाडजूड तुळईचं उत्तर आलं. काकांनी खण उघडून सकाळी पेन्सिलीने हिशेब केलेला कागद काढला. उत्तर तेच होतं. दहा मिनिटांचं काम. त्यांनी सही केली.

कागद आधीच का दाखवला नाही, असं मालकांनी विचारलं. विचारलं नाहीत म्हणून, असं काका म्हणाले. मालक गहिवरले. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, यंत्राचं प्रत्येक उत्तर यापुढे तुम्ही हाताने तपासायचं. निवृत्तीचं आपण बघू नंतर."

काकांनी पेन्सिलीला टोक काढलं.

ते ‘नंतर’ यायला चार वर्षं लागली. नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, मार्चात, काकांना मोकळं केलं. निवृत्तीच्या अकराव्या दिवशी सकाळी दशांशकाका वारले.